तीन भोकांची साक्ष

अमेरिकेत एखाद्या हौशी नेमबाजाने बारीक नळीची नवी रायफल घेतली, की पुढच्या महिन्याभरात तो काय करणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. रायफल समजा .२०४ रुगर या काडतुसाची आहे. डकोटाच्या कुरणातल्या प्रेअरी डॉगसाठी किंवा पेनसिल्व्हेनियात शेताच्या कडेला बिळं खोदणाऱ्या ग्राउंडहॉगसाठी, म्हणजे तिकडे ज्यांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात त्या उपद्रवी प्राण्यांसाठी ती घेतलेली आहे. दुकानातली तयार काडतुसं त्याला पुरत नाहीत. तो पितळी पुंगळ्या, दारू पेटवणारे प्रायमर, दारूचा डबा आणि गोळ्यांची खोकी आणतो, घरच्या टेबलावर प्रेस बसवतो आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. पुस्तकात दिलेल्या किमान मापापासून सुरुवात करायची, दारू दोन दशांश ग्रेनने वाढवत दहा मापं तयार करायची, प्रत्येक मापाची तीन काडतुसं भरायची आणि शंभर यार्डांवरच्या दहा लक्ष्यांवर ती झाडायची. ज्या लक्ष्यावरची तीन भोकं सर्वांत जवळजवळ पडली, ते माप वहीत अधोरेखित होतं आणि रायफलला ‘तिचा लोड’ सापडला असं जाहीर होतं. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा त्याला काहीही सापडलेलं नसतं. त्याने तीस काडतुसं खर्चून एक सोडत काढलेली असते आणि त्या सोडतीतला विजेता निवडलेला असतो.

हे म्हणणं उर्मट वाटू नये म्हणून आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. दारू पायरीपायरीने वाढवत नेण्याची ही रीत मूर्खपणाची नाही. ती निघाली तेव्हा प्रश्न नेमाचा नव्हता, नेमबाजाच्या डोळ्यांच्या आणि बोटांच्या सुरक्षिततेचा होता. .२०४ रुगरच्या काडतुसात कमाल दाब चौरस इंचाला ५७,५०० पौंड असावा, अशी मर्यादा अमेरिकेतल्या शस्त्र आणि दारूगोळा उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने घातली आहे. ही संस्था १९२६ पासून अशी मानकं ठरवते. पण छापील मर्यादा आणि आपल्या हातातली रायफल यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी येतात. एका नळीचा काडतूस बसायचा चेंबर किंचित घट्ट असतो, एका कारखान्याची पुंगळी जाड पितळेची असल्याने आतून लहान असते, गोळी थोडी पुढे बसवली तर ती नळीतल्या आट्यांना टेकते, आणि या प्रत्येक कारणाने दाब वाढतो. शिवाय काडतूस जितकं लहान तितकी चुकीला जागा कमी. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन मावतात. .३०-०६ सारख्या मोठ्या काडतुसात पन्नासएक ग्रेन दारू असते, तिथे दोन दशांश ग्रेनची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. तीच चूक .२२ हॉर्नेटच्या दहा-बारा ग्रेनमध्ये दीड-दोन टक्के होते. म्हणून खालून सुरुवात करायची, एकेक पायरी चढायची, झडलेला प्रायमर फार चपटा तर झाला नाही, बोल्ट उचलताना जड तर जात नाही, गोळीचा वेग पुस्तकातल्या आकड्याच्या पुढे तर जात नाही, हे पाहायचं आणि शंका येताच थांबायचं. यात वाद घालण्यासारखं काही नाही. उलट यातली बरीच लक्षणं उशिरा दिसतात, दाब मर्यादा ओलांडून गेल्यावर दिसतात, म्हणून शेवटच्या पायरीच्या बरंच खाली राहणं शहाणपणाचं.

गडबड होते ती पुढे. दाबासाठी बांधलेल्या त्या जिन्यालाच नेमबाज दुसरा प्रश्न विचारतो: यातली कुठली पायरी सर्वांत अचूक? आणि उत्तर मिळतंच, कारण दहा लक्ष्यांपैकी एक सर्वांत चांगलं दिसणारच. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, ती खरी ठरते, कारण पातेल्यातलं पाणी एकाच वेळी उकळत असतं आणि एक शीत शिजलं तर शेजारचंही शिजलेलं असतं. दाबाची गोष्ट बरीचशी अशी आहे. दारू वाढली की दाब वाढतो, एका पायरीवरची गोळी खालच्या आणि वरच्या पायरीबद्दलही काही सांगते, आणि पायऱ्या मिळून एक रेष तयार होते. लक्ष्यावर गोळी कुठे पडते याची गोष्ट तशी नाही. तीच रायफल, तेच माप, तोच माणूस, तरी प्रत्येक गोळी वेगळ्या जागी पडते, आणि शेजारच्या गोळीने ती कुठे पडावी याबद्दल कसलीही हमी दिलेली नसते. इथे एका शितावरून फक्त त्या शिताबद्दल बोलता येतं.

किती शितं लागतात, हे आता गूढ राहिलेलं नाही. मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन इथे अमेरिकन सैन्याची प्रक्षेपणशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथले संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये रायफलधारी आणि क्षेपणास्त्र-अभियंते या दोघांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यातला मूळ विचार असा, की गोळ्यांचा पसारा हा एक स्थिर गुणधर्म असतो आणि लक्ष्यावरचा प्रत्येक ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, हा त्याचा एक अंधुक नमुना. गणित करून पाहिलं तर हा नमुना किती अंधुक असतो हे कळतं. एखाद्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरीने बरोबर एक इंचाचे पडत असतील, तर कसलाही बदल न करता त्यातला एखादा ग्रुप चार दशांश इंचाचा आणि एखादा पावणेदोन इंचाचा पडणं हे अगदी सामान्य आहे. म्हणजे चौपट फरक निव्वळ योगायोगाचा. त्यात ग्रुप मोजण्याची प्रचलित रीतही उधळी आहे. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर तेवढं मोजायचं, म्हणजे दहा गोळ्या झाडल्या तरी आठांना मोजमापात मतच नाही. सर्व भोकांचा मध्य काढून प्रत्येक भोक त्यापासून किती दूर आहे याची सरासरी काढली, तर तेवढ्याच काडतुसांतून जास्त माहिती मिळते. पण ती सरासरी मित्राला दाखवता येत नाही. एकाला एक चिकटलेली तीन भोकं खिशात घालून फिरता येतात.

आता दहा मापांकडे परत पाहावं. समजा दहाही मापं अगदी सारखीच अचूक आहेत, सरासरी इंचभराची, आणि नेमबाजाला हे ठाऊक नाही. तीन-तीन गोळ्यांचे दहा ग्रुप झाडले की सर्वांत लहान साधारण अर्ध्या इंचाच्या आसपास येईल आणि सर्वांत मोठा दीड इंचाच्या वर जाईल. मधले इकडेतिकडे. हा कागद पाहून कुणाच्याही मनात शंका उरणार नाही: २६.८ ग्रेन चांगलं, २७.२ वाईट. मग तो २६.८ ची पन्नास काडतुसं भरतो, पुढच्या आठवड्यात मैदानावर जातो आणि ग्रुप इंचाचे पडतात. या घसरणीला नेमबाजांच्या जगात भरपूर कारणं तयार असतात. हवा गरम होती, नळी मळली होती, दारूचा नवा डबा वेगळ्या बॅचचा होता, आज हात स्थिर नव्हता. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं, म्हणून तर ते इतक्या सहज पटतं. पण कारणाची गरजच नसते. जे सर्वोत्तम म्हणून निवडलं गेलं त्यात नशिबाचा वाटा होता, आणि नशीब पुढच्या आठवड्यात बरोबर आलं नाही. हीच चाल उलटीही चालते. चौथी गोळी दूर पडली तर तिला ‘फ्लायर’ म्हणायचं, चाप ओढताना आपलंच चुकलं म्हणायचं आणि मोजणीतून वगळायचं. जवळ पडलेल्या गोळीबद्दल मात्र आपलं चुकलं असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

लहान नमुन्याची ही भूल फक्त छंदिष्टांना पडते असंही नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगावरून उतारा ठरतो, त्यावर शेतकऱ्याला मिळणारी विम्याची रक्कम अवलंबून असते, आणि कापणीचा तुकडा किती मोठा असावा हा प्रश्न १९४०च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रात चांगलाच पेटला होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की अगदी लहान तुकडा कापला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो. त्याचं कारण वेगळं होतं, तुकड्याच्या हद्दीवरची रोपं आत धरली जाण्याचं. पण लहान तुकड्यावर भाबडेपणाने विसंबू नये, हा मुद्दा प्रेअरीवरच्या रायफलवाल्यालाही लागू आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये लहान नमुन्यांचं गणित मांडलं, तेही याच अडचणीतून. प्रयोग महाग, नमुने थोडे, निर्णय तर घ्यायचाच आहे. रायफलवाल्याची अडचण त्याच जातीची आहे, आणि तिच्यावरचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे.

आजचा हुशार नेमबाज यावर म्हणेल, की मी ग्रुप पाहतच नाही, वेग पाहतो. नळीशेजारी ठेवायची छोटी रडार यंत्रं आता सहज मिळतात. दारू वाढवत नेताना वेग वाढत जातो, पण मध्येच एखाद्या जागी तो वाढत नाही, आलेख सपाट होतो. ती सपाटी म्हणजे ‘नोड’, तिथे दारू थोडी कमीजास्त झाली तरी वेग बदलत नाही, म्हणून तोच लोड धरायचा. ऐकायला हे फार शास्त्रीय वाटतं. पण .२०४ मध्ये दोन दशांश ग्रेन वाढवल्यावर वेग सेकंदाला पंचवीसएक फुटांनी वाढतो, आणि एकाच मापाच्या गोळ्यांमध्येही पंधरा फुटांचं प्रमाण विचलन असणं नवलाचं नाही. प्रत्येक पायरीवर एकच गोळी झाडली तर शेजारच्या दोन पायऱ्यांमधला फरक योगायोगानेच कधी पन्नास फुटांचा दिसेल, कधी शून्य. दहा पायऱ्यांच्या जिन्यात नऊ फरक असतात, त्यातल्या एक-दोन ठिकाणी सपाटी आपोआप दिसणार. तोच जिना दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडा, सपाटी दुसरीकडे सरकलेली असेल. पाच गोळ्यांवरून काढलेलं प्रमाण विचलनही असंच फसवं. यंत्राने १० दाखवलं तर खरा आकडा ६ असू शकतो आणि २९ ही असू शकतो. दहा गोळ्या झाडल्या तर ही पट्टी ७ ते १८ एवढी आखडते. यंत्र खोटं बोलत नाही. ते पाच गोळ्यांचा वेग अगदी बरोबर सांगतं, पण सहावीचा सांगत नाही. आणि सांगितला तरी शंभर यार्डांवर त्याचा उपयोग किती? ३,२०० फूट वेगाच्या गोळीच्या वेगात वीस फुटांचा फरक पडला, तर तीनशे यार्डांवर ती साधारण पाव इंच वरखाली पडते. शंभर यार्डांवर तो फरक कागदाच्या जाडीसारखाच नगण्य. तरीही शंभर यार्डांवरच्या उभ्या पसाऱ्यावरून वेगाचे निष्कर्ष काढले जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवाचा आहे. बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याच्या, स्पर्धांमधले लोक मैदानावरच दारूचं माप बदलत राहतात आणि जिंकतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे ज्ञान एका गणिताने खोटं कसं ठरेल? ते खोटं ठरतच नाही. त्या रायफलींचा मूळ पसाराच इतका कमी असतो, की लहानसा खरा फरकही थोड्या गोळ्यांत वर येतो. ते लोक वर्षाला हजारो गोळ्या झाडतात, म्हणजे त्यांचा नमुना मोठा असतो, फक्त तो वहीऐवजी हाताच्या सवयीत नोंदलेला असतो. आणि त्यांचा खेळसुद्धा एका ग्रुपवर भरवसा ठेवत नाही. तिथे पाच-पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपांची सरासरी धरली जाते. जुन्या प्रयोगांकडे पाहिलं तर हेच जास्त स्पष्ट होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावच्या फ्रँकलिन मान यांनी गोळीच्या प्रवासावर अनेक वर्षं प्रयोग करून १९०९ मध्ये आपलं पुस्तक काढलं. नळी हलूच नये म्हणून ती भक्कम बैठकीवर बसवायची आणि मग मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडायच्या, अशी त्यांची पद्धत. गोळीचं नाक ठेचलं तर फारसं बिघडत नाही, पण बुडाची कड किंचित जरी खराब झाली तरी गोळी भरकटते, हे त्यांना स्पष्ट दिसलं. तो परिणाम एवढा मोठा होता, की ते दिसायला गोळ्यांच्या राशी लागल्या नाहीत. मोठी कारणं थोड्या गोळ्यांत बोलतात. ज्याच्यासाठी भिंग घेऊन बसावं लागतं ते कारण लहान असतं, किंवा नसतंच.

मग नळीचं काय, असं कुणी विचारेल, आणि हा प्रश्न खरोखर व्यावहारिक आहे. चार हजार फुटांच्या आसपास वेग देणारी काडतुसं नळीचा घसा लवकर खातात. १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट काढलं तेव्हापासून हा बोभाटा आहे. दोन-तीन हजार गोळ्यांत जी नळी थकणार, तिच्यातून परीक्षेसाठीच शेकडो गोळ्या का झाडाव्या? झाडू नयेत. दहा मापांना तीन-तीन देण्याऐवजी दोन मापांना पंधरा-पंधरा द्याव्यात, खर्च तीसच काडतुसांचा. या पंधरांमधून चाळीस टक्क्यांचा फरक असेल तर तो बहुतेक दिसेल. दहा टक्क्यांचा दिसणार नाही, आणि दहा टक्क्यांचा फरक शोधायचाच कशाला, हे कुणीतरी त्या नेमबाजाला विचारायला हवं. तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा या हलक्या गोळीला साधारण वीतभर बाजूला नेतो. वाऱ्याचा अंदाज तीन मैलांनी चुकला की तीनेक इंच गेले, आणि गवताच्या हलण्यावरून वारा जोखणारा माणूस तीन मैलांनी चुकतोच. त्या चुकीपुढे दारूच्या दोन दशांश ग्रेनची कुरकुर कुणाला ऐकू येणार?

माप न बदलताही अचूकता शोधता येते, याचा दाखला आपल्याजवळच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. ती स्पर्धा .२२ रिमफायर काडतुसांवर चालते, आणि रिमफायर काडतूस घरी भरताच येत नाही, कारण प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या काठातच ओतलेलं असतं. तिथे दारूचं माप, गोळी किती बाहेर ठेवायची, हे सारं कारखान्याने ठरवलेलं. या खेळातले वरच्या दर्जाचे नेमबाज काय करतात? आपली रायफल घेऊन इंग्लंडमधल्या ईलीच्या किंवा जर्मनीतल्या लापुआच्या चाचणी केंद्रावर जातात, नळी बैठकीत आवळतात आणि काडतुसांच्या एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पाहतात. आवडलेल्या लॉटची पुन्हा परीक्षा होते. निवड तिथेही आहे आणि नशिबाची भेसळही आहे. पण पुन्हा झाडून पाहण्याची सवय आहे, आणि घरच्या टेबलावरून नेमकी तीच हरवलेली असते.

नवी बारीक रायफल घेतलेल्या माणसाने वेळ घालवायचाच असेल तर तो मोठ्या कारणांवर घालवावा. नळीतल्या आट्यांचा पीळ हे त्यातलं पहिलं. .२०४ रुगरच्या नळीत गोळी बहुधा बारा इंचांत एक फेरा घेते. ३२ ग्रेनच्या आखूड गोळीला तो पुरतो, पण ४० ग्रेनची लांब गोळी काही नळ्यांत नीट स्थिर होत नाही, आणि मग दारू कितीही मोजूनमापून घातली तरी फरक पडत नाही. उलट टोकाला, आठ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून चार हजार फुटांच्या वेगाने गोळी सोडली तर ती मिनिटाला ३,६०,००० फेरे घेते. पातळ कवचाची व्हार्मिंट-गोळी एवढ्या फिरण्याने वाटेतच फुटून जाऊ शकते. एका गोळीऐवजी दुसऱ्या जातीची गोळी घातली की लक्ष्यावर जो बदल दिसतो, तो पंधरा काडतुसांत लपत नाही. दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत का, लाकडी दस्ता नळीला कुठे टेकतो का, पुंगळ्या एकाच कारखान्याच्या आहेत का, हेही तसंच. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यात ‘माझ्या रायफलीला काय आवडतं’ हे गुपित उलगडल्याचा आनंद नाही. हाताने काडतुसं भरण्याच्या छंदाचं निम्मं सुख त्या गुपितात आहे, आणि ते सुख घेऊ नये असं मी म्हणणार नाही. फक्त त्याला पुरावा म्हणू नये.

काही वाचक इथपर्यंत आले असतील तर वैतागलेही असतील, की किलोभर वजनाच्या एका खारीच्या भावंडाला मारायला एवढं शास्त्र कशाला. हा आक्षेप मला मान्य आहे, थोडा जास्तच मान्य आहे. प्रेअरी डॉगच्या वसाहतींवर काळ्या पायांचं फेरेट जगतं आणि ते फेरेट एके काळी नामशेष झालं असं समजलं गेलं होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ ते पुन्हा सापडलं. शिशाच्या गोळीने फुटलेली धुडं गवतात पडून राहतात, ती गरुड आणि गिधाडं खातात, आणि त्यांच्या पोटात शिसं जातं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली ती याच कारणाने. पण कुरणावर गोळी झाडणाऱ्यांचं आपल्या बाजूचं मुख्य म्हणणं अचूकतेचंच असतं: आमची रायफल इतकी नेमकी आहे, की प्राण्याला काही कळण्याआधी सगळं संपतं. या म्हणण्याचा हिशेब मात्र मांडता येतो. खिशातल्या कागदावर तीन गोळ्यांचा ग्रुप चार दशांश इंचाचा आहे, म्हणून चारशे यार्डांवर पसारा दीड-पावणेदोन इंच, असं तो धरून चालतो. बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला प्रेअरी डॉग तीन-चार इंच रुंद असतो, तेव्हा गोळी लागणारच. पण तीच रायफल खरोखर सरासरी नऊ दशांश इंचाचे ग्रुप देणारी असेल, आणि तो कागद दहातला सर्वांत भाग्यवान असेल, तर वीस गोळ्यांचा पसारा शंभर यार्डांवरच पावणेदोन इंचांच्या जवळ जातो आणि चारशेवर सात इंचांच्या जवळ. वारा यात अजून धरलेला नाही. म्हणजे तीनातली एखादी गोळी चुकणार, किंवा प्राणी लंगडत बिळात जाणार. कागदावर पंधरा गोळ्या झाडलेला माणूस त्याच प्राण्याकडे पाहून दोनशे यार्डांच्या पुढे चापाला बोट लावायला कचरेल, आणि कधीकधी तो कागदच पुरेसा मानून घरी जाईल.